आकडे नसलेला थर्मामीटर

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातल्या क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियममध्ये एक चमत्कारिक थर्मामीटर असे. काचेची नळी, आत पारा, बाकी सगळा कोरा. अंश नाहीत, रेघा नाहीत. रुग्णाने तो तोंडात धरायचा, पारा चढेल तेवढा चढू द्यायचा आणि नळी तशीच डॉक्टरांच्या हाती द्यायची. डॉक्टर तिला आपल्याजवळची पट्टी लावणार आणि ताप किती ते टिपून घेणार. ज्याच्या अंगात ताप, त्यालाच तो कळायचा नाही. या नळीला तिथले लोक 'मुकी सिस्टर' म्हणत.

हा उपद्व्याप लबाडी पकडण्यासाठी होता. ताप लपवण्याची लबाडी मात्र नव्हे, नसलेला ताप दाखवण्याची. जर्मन लेखक थॉमस मान यांच्या एका कादंबरीत अशा एका मुलीची हकीकत येते. ती बरी झालेली असते, घरी जायची वेळ आलेली असते, आणि तिला जायचं नसतं. पारा काही उतरत नाही. डॉक्टरांना शंका येते, ते तिच्या हाती मुकी सिस्टर देतात आणि ताप एकदम गायब होतो. मग ही मुलगी गारठलेल्या तळ्यात जाऊन डुंबते, काहीतरी होईल या आशेने. तेही होत नाही. निरोगी म्हणून शिक्का मारून तिची घरी रवानगी होते, तेव्हा तिच्या दुःखाला पारावार राहत नाही.

कादंबरीचं मूळ जर्मन नाव 'डेअर झाऊबरबेर्ग', म्हणजे जादूचा डोंगर. इंग्रजीतून 'द मॅजिक माउंटन' म्हणून ती आपल्याकडे पोचली. 1924 साली बर्लिनच्या एस. फिशर या प्रकाशनाने ती दोन खंडांत काढली. पानं बाराशेच्या घरात. कथानक मात्र पोस्टकार्डावर मावेल एवढंच. हान्स कास्टोर्प हा हॅम्बुर्गचा तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण, नुकताच जहाजांचा इंजिनिअर झालेला. त्याचा मावसभाऊ योआखिम स्वित्झर्लंडमध्ये दावोसच्या एका सॅनेटोरियमात क्षयावर उपचार घेत असतो. नोकरीवर रुजू होण्याआधी जरा हवापालट होईल, भावाचीही भेट होईल, म्हणून हान्स तीन आठवड्यांसाठी वर जातो. राहतो सात वर्षं.

'प्रतीक' म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना शाळेतला रसग्रहणाचा प्रश्न आठवतो. 'कवितेतील दिवा कशाचे प्रतीक आहे?' दोन गुण. लिहायचं, ज्ञानाचे, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. या खेळाला मान यांच्या कादंबरीत भरपूर वाव आहे. सात हा आकडाच घ्या. कादंबरीची प्रकरणं सात. भोजनगृहात टेबलं सात. थर्मामीटर तोंडात धरायचा सात मिनिटं. हान्सची खोली चौतीस नंबरची. तीन आणि चार मिळवा. तो जिच्या प्रेमात पडतो ती क्लावडिया शोशा सात नंबरच्या खोलीत राहते. त्याला उपदेश करणाऱ्या इटालियन गृहस्थाचं नाव सेत्तेम्ब्रिनी, आणि इटालियनमध्ये सेत्ते म्हणजे सात. एकदा नाद लागला की माणूस पानापानावर सातच शोधत बसतो. मला हा भाग गमतीचा वाटतो, पण त्यात फार दम आहे असं नाही. लेखकाने पेरायचं आणि वाचकाने वेचायचं, एवढंच ते.

खरं आश्चर्य त्याच्या पलीकडे आहे. या कादंबरीतली सगळ्यात जबरदस्त प्रतीकं मान यांनी निर्माणच केलेली नाहीत. ती सॅनेटोरियमच्या सामानाच्या यादीत होती: थर्मामीटर, ब्लँकेट, आरामखुर्ची, थुंकीची बाटली, एक्स-रेची काच. मान यांनी फक्त त्यांचं नेमकं, अगदी कारकुनी अचूकतेने वर्णन केलं. मग या वस्तूंना एवढा अर्थ कुठून चिकटला?

माझ्या मते त्याचं उत्तर तीन सालांत आहे. 1882 च्या मार्चमध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. 1895 च्या नोव्हेंबरमध्ये व्हुर्त्सबुर्गला व्हिल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि जिवंत माणसाचं फुप्फुस बाहेरून दिसायला लागलं. आणि क्षयाच्या जंतूला खरोखर मारणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ यांना मिळालं ते 1943 साली. म्हणजे साठेक वर्षं अशी गेली की रोग दिसत होता, मोजता येत होता, त्याचा आलेख काढता येत होता, फक्त बरा करता येत नव्हता. डॉक्टरांकडे ज्ञान होतं, उपाय नव्हता. या पोकळीत उपकरणांना भलतंच वजन आलं. औषध असतं तर थर्मामीटर नुसता थर्मामीटर राहिला असता. औषध नाही म्हटल्यावर त्याच्याकडे माणूस कौल लावल्यासारखा पाहायला लागतो.

उपाय नव्हता म्हणून जे होतं त्यालाच उपाय म्हणायचं ठरलं: थंड कोरडी हवा, भरपूर खाणं आणि पडून राहणं. जर्मनीत हेर्मान ब्रेमर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला डोंगरातलं पहिलं सॅनेटोरियम काढलं. दावोसमध्ये आलेक्झांडर श्पेंग्लर नावाच्या डॉक्टरांनी थंडीच्या मोसमात रुग्ण ठेवायला सुरुवात केली ती 1865 साली. आपल्याकडेही हे लोण आलंच. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी बेल-एअर सॅनेटोरियम काढलं 1912 साली. मिरजेजवळ वानलेसवाडीला मिशनच्या डॉक्टरांनी उभारलेलं सॅनेटोरियमही त्याच परंपरेतलं. 'पाचगणीला ठेवलंय' एवढं म्हटलं की पुढचं कोणी विचारत नसे, असा एक काळ आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेला आहे.

त्याच 1912 साली मान यांची पत्नी कात्या दावोसच्या वाल्ड सॅनेटोरियममध्ये उपचार घेत होती. मे महिन्यात मान तिला भेटायला तिथे गेले. काही दिवस गॅलरीतल्या गार हवेत बसले, सर्दी-खोकला झाला, तिथल्या डॉक्टरांनी छाती ठोकून-ऐकून पाहिली आणि म्हणाले, फुप्फुसात एका जागी ओल दिसतेय, सहा महिने राहा. मान यांनी म्युनिकला आपल्या डॉक्टरांना कळवलं. त्यांनी सांगितलं, निघून या. मान निघून आले आणि कादंबरी लिहायला बसले. हान्स कास्टोर्प म्हणजे तो माणूस, जो त्या दिवशी निघून आला नाही.

मूळ बेत छोटेखानी विनोदी कथेचा होता, 'डेथ इन व्हेनिस' या त्यांच्या गंभीर कथेला जोड म्हणून. मध्ये पहिलं महायुद्ध आलं, लिखाण थांबलं, आणि पुन्हा हातात घेतलं तेव्हा ज्या जगाबद्दल ते लिहीत होते ते जगच शिल्लक नव्हतं. विनोद मात्र टिकला. ही कादंबरी हसवते, हे तिच्याबद्दल लिहिणारे फारसं सांगत नाहीत.

थर्मामीटर विकत घेण्याचा प्रसंग पाहा. हान्सला सर्दी झालेली असते. मुख्य परिचारिका त्याच्या खोलीत येते आणि विचारते, तुमचा थर्मामीटर कुठेय? नाही? असं कसं? पिशवीतून ती दोन काढते. एक साडेतीन फ्रँकचा, एक पाच फ्रँकचा. हान्स पाच फ्रँकचा घेतो. चांगल्या घरचा मुलगा, स्वस्तातला कसा घेणार? लाल डबीत ठेवलेली ती चकचकीत नळी त्याला दागिन्यासारखी वाटते. तोंडात धरून तो घड्याळाकडे बघत बसतो आणि सात मिनिटं किती लांबलचक असतात ते त्याला पहिल्यांदा उमगतं. पारा थांबतो 37.6 वर. सेल्सियसमध्ये म्हणजे जेमतेम कणकण. आपल्या घरी आई म्हणाली असती, आलं घातलेला चहा घे आणि पड. हान्स मात्र गंभीर होतो, आणि खोल कुठेतरी सुखावतो. आता तो पाहुणा राहिलेला नाही. त्याला त्या डोंगरावर राहायचा परवाना मिळाला आहे, तोही रोख पाच फ्रँक मोजून.

ब्लँकेटचं तर विचारूच नका. प्रत्येक खोलीला गॅलरी, गॅलरीत एक विलक्षण आरामदायी खुर्ची. तिच्यावर दिवसातून कितीतरी तास पडून राहायचं, बर्फ पडत असलं तरी. योआखिम हान्सला उंटाच्या लोकरीची दोन ब्लँकेटं गुंडाळून घ्यायला शिकवतो. आधी एका बाजूने अंगभर खांद्यापर्यंत, मग पायांकडून वर दुमड, मग दुसऱ्या बाजूने आवळून बंद, कुठे चुणी नाही, फट नाही. विडा वळावा तसा माणूस बंद. योआखिमला हे सफाईने जमतं, हान्सला सरावाने जमायला लागतं, आणि एक दिवस तो जुन्या रहिवाशाच्या ऐटीत स्वतःला गुंडाळून घेतो. वाचताना आधी मौज वाटते. मग ध्यानात येतं की या पद्धतीने माणसाला बांधतात ते दोनदाच, जन्मल्यावर दुपट्यात आणि मेल्यावर. मान हे कुठेही म्हणत नाहीत. ते फक्त घड्या कशा घालायच्या ते सांगतात.

एकांताचं चित्रही इथेच आहे. दोन गॅलऱ्यांमध्ये दुधी काचेचा पडदा. पलीकडे कोणी तरी आहे हे कळतं, खोकला ऐकू येतो, दिसत कोणी नाही. दिवसाला पाच वेळा सगळे भोजनगृहात जमतात, तुडुंब जेवतात, कुचाळक्या करतात, प्रेमात पडतात, आणि मग आपापल्या काचेआड जाऊन आडवे होतात. एखादी खुर्ची एक दिवस रिकामी राहते. त्याबद्दल कोणी बोलत नाही. मृत माणसाला इतर जण जेवत असताना मागच्या मागे नेतात. हान्सला मिळालेल्या चौतीस नंबरच्या खोलीत दोनच दिवसांपूर्वी एक अमेरिकन बाई वारलेली असते. फॉर्मालिनची धुरी देऊन खोली स्वच्छ केली आहे, काळजी नको, असं योआखिम त्याला सहज सांगतो.

दिशासुद्धा इथे उलट्या फिरतात. डोंगर म्हणजे उंची, शुद्ध हवा, देवांचं ठिकाण. पण सेत्तेम्ब्रिनी पहिल्याच भेटीत हान्सला असं बोलतो, की जणू हा मुलगा वर चढून आलेला नसून पाताळात उतरला आहे. सॅनेटोरियमच्या दोन्ही डॉक्टरांना तो ग्रीक पुराणातल्या मृतांच्या न्यायाधीशांची नावं देतो. आणखी वर, शाट्झआल्प नावाच्या सॅनेटोरियममध्ये, हिवाळ्यात रस्ते बंद झाले की प्रेतं बर्फावरच्या घसरगाडीतून खाली पाठवतात, हेही हान्सला पहिल्याच संध्याकाळी कळतं. ऐकून तो हसत सुटतो, थांबताच येत नाही. शाट्झआल्पची ती इमारत खरी आहे, 1900 साली उघडलेली. आज तिथे हॉटेल आहे.

या सगळ्यांवर कडी करतो तो एक्स-रेचा प्रसंग. माझ्या लेखी विसाव्या शतकाच्या कथावाङ्मयात तंत्रज्ञानाबद्दल लिहिलेली याहून भेदक पानं थोडीच असतील. तळघरातली खोली. त्या काळी किरणांनी उजळणारा पडदा इतका फिका असे की आधी डोळ्यांना अंधाराची सवय करून घ्यावी लागे. म्हणून मुख्य डॉक्टर बेरेन्स दिवे घालवतो आणि सगळे जण गप्प उभे राहतात. मग यंत्र कडाडतं, ठिणग्या उडतात, आणि योआखिमच्या छातीत हान्सला पिशवीसारखं काहीतरी आकसताना-फुगताना दिसतं. ते त्याच्या भावाचं हृदय असतं, पोहणाऱ्या जेलीफिशसारखं. हान्स आधी भावाची परवानगी मागतो, पाहू ना? इतकं आतलं पाहणं सभ्यपणाचं आहे का, अशी शंका त्याला येते. त्या एका वाक्यासाठी मान यांना दाद द्यावी.

मग हान्स आग्रह धरतो की मला माझा हात बघायचाय. पडद्यावर हाडं दिसतात, मांस धुक्यासारखं विरलेलं, आणि एका बोटाच्या हाडाभोवती आजोबांकडून आलेली अंगठी काळीभोर, सैल, तरंगत असलेली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पटतं की आपण मरणार आहोत.

आता इतिहासाकडे या. राँटगेन यांनी 1895 च्या डिसेंबरमध्ये जी प्रतिमा घेतली आणि जी जगभर गाजली ती त्यांच्या पत्नीच्या, ॲना बेर्टा यांच्या, हाताची होती. त्यातही हाडं स्पष्ट, मांस धूसर, आणि बोटात काळी सैल अंगठी. ती पाहून आपलं मरण पाहिल्यासारखं वाटलं असं त्या म्हणाल्याची गोष्ट सांगितली जाते. म्हणजे हे प्रतीक मान यांच्याही आधी, तंत्रज्ञानाच्या पहिल्या काही आठवड्यांतच, आपोआप तयार झालेलं होतं. सोनं किरणांना अडवतं, मांस अडवत नाही. एवढं साधं भौतिकशास्त्र. पण माणसाने हौसेने घातलेली वस्तू टिकते आणि माणूस विरतो, हे त्याच भौतिकशास्त्राने काचेवर उमटवून ठेवलं.

मान तिथेच थांबत नाहीत. क्लावडिया शोशा ही रशियन बाई. दार धाडकन आपटत भोजनगृहात येणारी, मांजरीच्या पावलाने चालणारी. हान्स महिनोन्महिने तिच्याशी बोलतही नाही. कार्निव्हलच्या रात्री तो तिच्याकडे पेन्सिल मागतो, जशी शाळेत असताना त्याने एका मुलाकडे मागितली होती. त्या मुलाचे डोळे तिच्यासारखेच होते. ती निघून जाते आणि खूण म्हणून त्याच्याजवळ राहतो तिचा फोटो. फोटो म्हणजे छातीचा एक्स-रे. चेहरा नाही, डोकं नाही, बरगड्या आणि सावल्या. ती काच तो जपून ठेवतो, उजेडाकडे धरून पाहतो. प्रेमिकाने प्रेयसीच्या हृदयात डोकावावं हा कवींचा किती जुना छंद! इथे तो अक्षरशः पुरा झाला आहे, आणि हाती लागला आहे तो एक वैद्यकीय दस्तऐवज.

काळाचं काय होतं हे सांगायला एकच गोष्ट पुरे. हान्सचा पहिला दिवस जवळपास अख्खं एक लांबलचक प्रकरण खातो. पहिल्या सात महिन्यांत कादंबरी अर्धी संपते, उरलेल्या अर्ध्यात सहाहून अधिक वर्षं उडून जातात. वाचकाचं तेच होतं जे आजारी माणसाचं होतं: आधी तास सरत नाहीत, मग वर्षं हाती लागत नाहीत. शेवटी हान्सचं खिशातलं घड्याळ खाली पडून बंद पडतं आणि तो ते दुरुस्तीला टाकत नाही. आवडत्या चिरूटाची ऑर्डरही बंद करून तो तिथलाच एक ओढायला लागतो. आला तेव्हा त्याच्याबरोबर जहाजबांधणीचं एक इंग्रजी पुस्तक होतं, 'ओशन स्टीमशिप्स'. पहिल्याच पानांवर, आगगाडीत, इंजिनाचा कोळसा उडून त्याचं वेष्टण काळवंडतं. पहिल्या वाचनात तिथे कोणी थांबत नाही. 1939 साली अमेरिकेत प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांपुढे बोलताना मान यांनी आपलं पुस्तक दोनदा वाचा अशी गळ घातली होती. बाराशे पानांच्या लेखकाने करायची ही मागणी नव्हे, पण काजळी बसलेलं ते पुस्तक दुसऱ्या वेळी दिसलं की ती पटते.

आणि बरं होणं? कादंबरीत त्याची जागा कुठे आहे? डॉक्टरांच्या तपासणीत तर नक्कीच नाही. योआखिम सैनिकी पेशाचा, त्याला काहीही करून खाली जायचंय. तो डॉक्टरांचं न ऐकता जातो, परत येतो आणि मरतो. हान्सला बेरेन्स एकदा रागाच्या भरात सांगूनही टाकतो की तू बरा आहेस, जा. हान्स जात नाही. ज्याला जायचं तो खरा आजारी, ज्याला जाता येतं तो राहतो.

बरं होण्याच्या जवळ जाणारा क्षण येतो तो बर्फात. हान्स गुपचूप स्की विकत घेतो, शिकतो, आणि एके दिवशी एकटाच डोंगरात शिरतो. इतका वेळ काचेआडचा एकांत होता, आता खरा. बाहीवर पडलेले बर्फाचे कण तो निरखून बघतो. प्रत्येक कण षट्कोनी, निर्दोष, आणि एकासारखा दुसरा नाही. त्याला त्या सौंदर्याचा आनंद होत नाही, धसका बसतो. एवढी काटेकोर नियमितता जिवंत वस्तूला परवडत नाही. जीव म्हणजे थोडी गफलत, थोडा वाकडेपणा आलाच. माझ्या ओळखीच्या साहित्यात बर्फाकडे असं पाहिलेलं दुसरं ठिकाण नाही.

मग वादळ येतं. तो भरकटतो, गोल फिरून पुन्हा त्याच गवताच्या खोपटाशी येतो, भिंतीला टेकून जवळची पोर्ट दारू पितो आणि त्याला गुंगी येते. स्वप्नात दक्षिणेचा निळा समुद्र, ऊन, सुंदर आणि एकमेकांशी अदबीने वागणारी माणसं. त्यांच्यामागे एक देऊळ. आत दोन म्हाताऱ्या एका बालकाला फाडून खात आहेत. त्या माणसांना हे ठाऊक आहे, आणि कदाचित म्हणूनच ती एवढी हळुवार आहेत. अर्धवट जागा होत हान्स मनाशी ठरवतो की मरण आहे हे विसरायचं नाही, पण चांगुलपणा आणि प्रेम यांच्यासाठी आपल्या विचारांवर त्याचं राज्य चालू द्यायचं नाही. मान यांनी हे एकच वाक्य वेगळ्या ठशात छापवलं. घड्याळ पाहतो तर काही मिनिटंच गेलेली असतात.

पुष्कळ टीकाकार इथे कादंबरीचं सार सापडलं म्हणून थांबतात. मान थांबत नाहीत. हान्स सॅनेटोरियमवर परततो, रात्री भरपेट जेवतो, आणि झोपायच्या वेळेपर्यंत ते स्वप्न फिकं पडलेलं असतं. आपण काय विचार केला ते त्याला धड आठवत नाही. बरं होण्याबद्दल एवढं प्रामाणिक मी दुसरीकडे वाचलेलं नाही. साक्षात्कार होतो, जेवण होतं, साक्षात्कार जातो.

त्याला डोंगरावरून खाली आणतो तो 1914 चा ऑगस्ट. सात वर्षांची झोप तोफेने मोडते. शेवटच्या पानांत तो रणांगणावर चिखलातून पळताना दिसतो, ओठांवर शूबर्टचं लिंडेनच्या झाडाचं गाणं, जे सॅनेटोरियमच्या ग्रामोफोनवर तो रात्र रात्र ऐकत असे. तो वाचेल की नाही याबद्दल निवेदक फारशी आशा दाखवत नाही. सॅनेटोरियममधून त्याला जी सुट्टी मिळाली ती ही.

पुस्तक आलं तेव्हा डॉक्टर मंडळी खवळली. सॅनेटोरियमची बदनामी केली, असा आरोप झाला, आणि 1925 साली मान यांना एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात त्याला उत्तर द्यावं लागलं. पण सॅनेटोरियम बंद पडली ती कादंबरीमुळे नव्हे. औषधं आली, आणि त्यानंतर निर्णायक पुरावा आला तो आपल्या देशातून. 1956 साली मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून चालवलेला. शहरातल्या गरीब वस्त्यांमधले क्षयरोगी घेतले. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं: विश्रांती, चांगला आहार, परिचारिका. काहींना घरीच ठेवलं, त्याच कोंदट खोल्यांत, त्याच अपुऱ्या जेवणावर. औषधं दोघांनाही तीच. 1959 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: घरचे रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरातल्या माणसांना जास्त लागण झाली असंही आढळलं नाही. डोंगर, हवा, पाच जेवणं, दोन ब्लँकेटं, यांतलं काही लागत नव्हतं. गोळ्या लागत होत्या, आणि त्या नेमाने घेणं.

राहता राहिली कात्या मान, जिच्यापासून हे सगळं सुरू झालं. तिचे त्या काळचे एक्स-रे जपून राहिले होते. दावोसचे फुप्फुसतज्ज्ञ क्रिस्टियान फिरशो यांनी 1970 च्या सुमारास ते पुन्हा तपासले. क्षयाची खूण त्यांना त्यात आढळली नाही. कात्या तेव्हा हयात होती, सत्त्याऐंशीच्या घरात. गेली 1980 साली, शहाण्णवाव्या वर्षी.